सतरा नंबरचा हात

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच चूक केली आणि ती तेवीस वेळा केली. तीही इतकी मोजूनमापून, की त्यातल्या कुठल्याही दोन चुकांत दोऱ्याएवढा फरक निघाला नाही. हे मी कौतुकानं सांगतेय की वैतागून, ते मलाच अजून कळलेलं नाही. मी मुळात चिडकी आहे. नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा कुणाला तरी झापत असतेस.

सासरे शिंपी. कोट-सूटवाले. एकेचाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच खिडकीखाली, एकाच मशीनवर बसले. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणायची, घरात आम्ही बाबा म्हणतो. बारा वर्षांचे असताना ते एका म्हाताऱ्या शिंप्याकडे कामाला लागले. त्या उस्तादानं पहिली पाच वर्षं त्यांना फक्त इस्त्री करायला आणि काजं करायला लावली. सहाव्या वर्षी कात्री हातात दिली, आणि पोरगं आखलेल्या रेघेवर कापायला लागलं की लाकडी फुटपट्टी बोटांवर बसायची. रेघ शिवणीची असते, कात्री तिच्याबाहेर एक इंचानं चालवायची. तो इंच म्हणजे मार्जिन. शिवणीच्या आत दुमडून राहिलेलं जास्तीचं कापड. माणूस जाड झाला की शिवण उसवायची आणि कोट मोठा करायचा. मार्जिन वहीत लिहायचं नसतं, ते हातात असावं लागतं, असं उस्ताद म्हणायचा. फुटपट्टीच्या कृपेनं ते बाबांच्या हातात जाऊन बसलं.

त्यांनी शिवलेला कोट कधी दुरुस्तीला परत आला नाही. हे त्यांचं एकमेव सर्टिफिकेट, आणि ते दिवसातून दोनदा तरी आम्हाला वाचून दाखवलं जायचं. दुकानाची इमारत पाडायला काढली तेव्हा दुसरी जागा बघायला ते तयार झाले नाहीत. म्हणाले, त्या खिडकीतल्या उजेडाशिवाय काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचा नाही. कात्री, टेप आणि खडूचा डबा घेऊन ते घरी आले, आणि आमच्या नाकी नऊ आले.

घरातलं एकही कापड सुटलं नाही. पडदे दोन इंच आखूड झाले. माझ्या टॉवेलाला खिसा आला. का, तर अंघोळीला जाताना चष्मा कुठे ठेवतेस म्हणून. नवऱ्याच्या पायजम्याला कोटासारखं अस्तर लागलं. छत्रीलाही लागलं, त्यामुळे ती मिटेना. कुणी भेटायला आलं की बाबा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता खांद्याकडे बघायचे आणि मधेच म्हणायचे, "डावा खांदा उतरलाय तुमचा. कुणी शिवला?" शेवटी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कात्री पिठाच्या डब्यात लपवली. दुसऱ्या दिवशी सगळं पीठ एका नव्याकोऱ्या पिशवीत भरलेलं होतं. पिशवीला नाडी होती, झाकणी होती आणि आत मोजमापाच्या कपासाठी कप्पा होता.

आईंची त्यांच्यावरची तक्रार मात्र माझ्या लग्नाच्याही आधीची. बाबा जगातल्या सगळ्या कोटांना एक इंच मार्जिन ठेवायचे, पण आईंच्या कोटाला त्यांनी कधीच काही ठेवलं नाही. तो अंगाला असा बसायचा, की वरचं बटण लावताना त्यांना श्वास रोखावा लागायचा. चार किलो वजन वाढलं की जुना कोट बाद, आणि बाबा मुकाट्यानं नवा शिवायला घ्यायचे. "परक्यांना इंच इंच," आई म्हणायच्या, "आणि घरच्या बाईला चिमूटभर नाही. कापड वाचवतात माझ्यावर." एका कोटाऐवजी तीन कोट शिवणारा माणूस कापड कसं वाचवतो, असं मी एकदा विचारलं होतं. मला गप्प बसवण्यात आलं. बाबा टेपची गुंडाळी करत बसत.

मी एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लोकांच्या डोक्यावर टोपी चढवायची, हे माझं काम. लवचीक कापडाच्या त्या टोपीला बत्तीस बटणं असतात. प्रत्येक बटणाखाली थोडी जेल घातली की मेंदूतली इवलीशी वीज पडद्यावर लाटांसारखी दिसते. आमच्या मॅडमना त्या लाटांत एक गोष्ट शोधायची होती. सुया टोचून उपचार करणारे लोक अंगावरचे ठरावीक बिंदू मानतात. त्यातला एक मनगटाच्या आतल्या बाजूला आहे: घडीपासून वर ज्याची त्याची तीन बोटं, दोन ताठ शिरांच्या मधोमध. मॅडम तिथे सुई टोचणार नव्हत्या, चुंबक धरणार होत्या. चष्म्याएवढं दोन कड्यांचं यंत्र होतं ते. बटण दाबलं की टक् टक् आवाज यायचा, कातडीखाली क्षणभर वीज खेळायची आणि माणसाची बोटं त्याला न विचारता उडायची. अशी टकटक मनगटावर केली तर कपाळामागच्या लाटा बदलतात का, आणि बदलल्या तर त्या बिंदूमुळेच, की कुठेही टकटक केली तरी चालतं, एवढं त्यांना बघायचं होतं. म्हणून प्रत्येक हातावर दोन ठिपके काढायचे. एक खरा, आणि एक त्याच्या एक इंच खाली, मनगटाकडे, खोटा. कुठला कुठला ते हात देणाऱ्याला सांगायचं नाही.

"तुमचा यावर विश्वास आहे का?" असं मी मॅडमना पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "मला विश्वास नको," त्या म्हणाल्या. "मला ठिपका नीट हवा."

बाबा या सगळ्यात शिरले ते टोपीतून. एक दिवस मोठ्या मापाची टोपी टराटरा फाटली आणि कंपनीनं नवीन द्यायला तीन महिने लागतील असं कळवलं. मी ती घरी आणली. बाबांनी ती नाकाजवळ धरून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि सगळीच्या सगळी उसवली. मी रडायची बाकी होते. सकाळी टोपी तयार होती; बत्तीसही बटणं जागच्या जागी, आणि कानापाशी जिथे सगळ्यांना टोचायची तिथे मऊ पट्टी. मॅडमनी ती स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढली नाही. बाबांना बोलावणं गेलं, बाकीच्या चार टोप्यांसाठी.

ते फिटिंगला म्हणून आले आणि दारातच अडकले. चुंबकाच्या खोलीत धातू न्यायचा नाही, असा नियम. बाबांनी कॉलरच्या मागून सुया काढायला सुरुवात केली. अकरा निघाल्या. आत पाऊल टाकलं आणि परत फिरले, बाहीत आणखी दोन होत्या. तिसऱ्यांदा आत गेले आणि मॅडमनी यंत्र सुरू केलं, तेव्हा त्यांच्या खिशाचं तोंड आपलं आपण हलायला लागलं. चौदावी सुई. बाबांनी यंत्राकडे आदरानं बघितलं आणि म्हणाले, "दुकानात हे असतं तर माझं निम्मं आयुष्य वाचलं असतं."

तेव्हा मी एका स्वयंसेवकाच्या हातावर बॉलपेननं ठिपके काढत होते. अंदाजे. बाबांना अंदाज या शब्दाची शिसारी आहे. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, गळ्यातला टेप उतरवला, त्या माणसाची तीन बोटं मोजली, आकडा वहीत लिहिला आणि मनगटावर खडूनं फुली मारली. निळ्या खडूची खरी, पांढऱ्याची खोटी. फुल्या इतक्या रेखीव होत्या, की मॅडमनी पुढचा माणूसही त्यांच्याकडेच पाठवला. त्या दिवसापासून ठिपके काढायचं काम मास्तरांचं झालं आणि मी टोपीपुरती उरले.

आठ महिने बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघायचे. घरातले पडदे वाढायचे थांबले, कमी व्हायचेही थांबले. ते स्वयंसेवकांना म्हणायचे, "हात ढिला सोडा, बाही बसवायची आहे असं समजा." प्रत्येकाला विचारायचे, "वजन वाढतंय की उतरतंय?" लोक हा वैद्यकीय प्रश्न समजून गंभीरपणे उत्तर द्यायचे. मॅडमनाही तो तसाच वाटला आणि त्यांनी तो छापील फॉर्मात घातला. माणसं कमी पडायला लागली तेव्हा बाबा आईंनाही घेऊन आले. आई टोपी घालून कुरकुरल्या, जेल गार आहे म्हणाल्या आणि टकटक सुरू होताच घोरायला लागल्या. वहीत त्यांचा नंबर सतरा. एकूण चोवीस हात झाले, आणि मॅडमनी सगळ्यांच्या लाटा जुळवून निकाल काढला.

निकाल उलटा होता. खोट्या ठिपक्यावर टकटक केली की कपाळामागच्या लाटा संथ व्हायच्या, एकमेकींना धरून चालायच्या. खऱ्या ठिपक्यावर केली की काही नाही, जणू आम्ही टेबलावर टकटक करत होतो. कुणाचा बदल ठळक, कुणाचा पुसट, पण चोवीसपैकी तेवीस जणांत तोच उलटा प्रकार. एकटा सतरा नंबर सरळ.

मॅडमनी दोन दिवस यंत्र तपासलं, वायरी तपासल्या, बाबांची वही तपासली. वहीतला प्रत्येक आकडा बरोबर. मग त्या माझ्याकडे आल्या. "निळा आणि पांढरा," त्या हळूच म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर भरताना तुझ्याकडून अदलाबदल..."

मी त्या वेळी काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझा आवाज लिफ्टपर्यंत गेला, असं नंतर कळलं. एक अदलाबदल मी समजू शकते, पण तेवीस अदलाबदली करायला मी काय डोळे मिटून काम करते? मॅडम म्हणाल्या, कारण सापडलं नाही तर आठ महिन्यांचं काम टाकून द्यावं लागेल. महिनाअखेरीला वरून पाहणी आहे आणि त्यांच्याकडे दाखवायला उलटा निकाल आणि चिडकी तंत्रज्ञ यांच्यापलीकडे काही नाही.

बाबा कोपऱ्यात टोपीला टाका घालत होते. ते उठले. "तिच्याकडून नाही होणार," म्हणाले. "चिडते, पण नीट करते. चला, पहिल्यापासून करून बघू." त्यांनी मला खुर्चीत बसवलं, माझी तीन बोटं मोजली आणि वहीत लिहिलं: दोन इंच. मग मनगटावर निळी फुली मारली.

मी रागात होते आणि रागात माझी नजर फार तीक्ष्ण होते. मी त्यांच्या गळ्यातला टेप ओढला आणि घडीपासून फुलीपर्यंत लावला. तीन इंच.

"बाबा, वहीत किती लिहिलंय?"

"दोन."

"आणि हे?"

बाबांनी टेपकडे बघितलं. "तीन."

"मग एक इंच कुठून आला?"

"मार्जिन," बाबा म्हणाले.

"कसलं मार्जिन?"

"अगं, मार्जिन ठेवावं लागतं." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की क्षणभर मलाही पटलं. मग मी पाहिलं, की त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरतोय. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, जसं एखाद्या नोकराकडे बघावं ज्यानं वर्षानुवर्षं मालकाला न विचारता काहीतरी केलं. खरी फुली एक इंच वर सरकली होती. खोटीही एक इंच वर सरकली होती, आणि बरोबर खऱ्या बिंदूवर जाऊन बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मॅडमच पुटपुटल्या. बाबांनी टेप गुंडाळला आणि खिशात ठेवला. त्यांचा गळा मी तेव्हा पहिल्यांदा मोकळा बघितला, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पुढचे दोन दिवस घर शांत होतं. एवढी शांतता आम्हाला मागूनही मिळाली नसती, आणि आता ती अंगावर येत होती. बाबा खिडकीशी बसून राहायचे. पडद्याचं एक टोक कडीतून निसटून लोंबत होतं, ते त्यांना दिसत होतं आणि ते उठत नव्हते. आईंनी न राहवून कात्री स्वतः काढून त्यांच्यासमोर आणून ठेवली. वर जुनी उशीची खोळही ठेवली, मुद्दाम फाडलेली. बाबा म्हणाले, "राहू दे. बिघडायची." आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागल्या. एकेचाळीस वर्षं ज्याच्या हातात चूक नव्हती, त्याला एकदम तेवीस मिळाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मॅडम घरी आल्या. आईंनी दिलेला चहा त्यांनी नेहमीप्रमाणे अर्धाच प्यायला. "मास्तर, तुमची चूक दरवेळी नेमकी एक इंचाची असेल," त्या म्हणाल्या, "तर काही बिघडलं नाही. चुंबक कुठे लागलं ते मला पक्कं कळतं. जिथे लागलं तसं मी लिहीन. पण चूक कधी इंचाची, कधी अर्ध्याची, कधी नाहीच, असं असेल तर चोवीसही हात कचऱ्यात."

"एक इंच म्हणजे एक इंच," बाबा खालमानेनं म्हणाले. चूक कबूल करतानाही माप सोडवत नव्हतं.

"मग सतरा नंबर सरळ कसा?"

मी वही न बघता सांगितलं, "सतरा नंबर म्हणजे आई."

आई दारात उभ्या होत्या. "म्हणजे काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. तेवीस जणांच्या हातावर बाबांनी एक इंच मार्जिन ठेवलं, तुमच्या हातावर ठेवलं नाही.

आईंनी पदार्थ करपल्यासारखा चेहरा केला. "बघा," त्या मॅडमना म्हणाल्या, "तुम्ही आता शिकल्यासवरल्या आहात, तुम्हीच बघा. कोटात नाही ठेवलं, ते एक वेळ सोडा. पण हाताच्या कातडीवर? तिथे काय कापड यांच्या खिशातून जात होतं?"

"तिला मार्जिन लागत नाही," बाबा म्हणाले.

"का लागत नाही? मी माणूस नाही?"

बाबांनी खिशात हात घातला, टेप चाचपला आणि तसाच राहू दिला. मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि पेन्सिल काढली. हे तपासून बघायला हवं, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी पुन्हा ठिपके काढायचे, त्यात एक हात आईंचा असेल, पण कुठला ते मास्तरांना कळता कामा नये.

"म्हणजे मी चूकच करून दाखवायची?" बाबांनी विचारलं.

"जशी केली होती तशीच. मुद्दाम वाढवायची नाही, मुद्दाम टाळायचीही नाही. नेहमी शिवता तसं."

बाबा नाहीच म्हणणार होते. पण दुसऱ्या दिवशी, मास्तरांना माणसं दिसू नयेत म्हणून मधे बांधायला आणलेल्या चादरीला मी हात जाण्यापुरती भोकं पाडायला बसले. स्वयंपाकघरातल्या सुरीनं. पहिलं भोक बघून बाबांच्या गळ्यातून एक आवाज निघाला. दुसऱ्या भोकाला त्यांनी चादर माझ्या हातातून ओढली. संध्याकाळी चादरीला सात भोकं होती, सगळी एका रेषेत, प्रत्येकाच्या कडेला गच्च टाके घातलेले. सात भलीमोठी काजं. टेप परत गळ्यात होता. मी काही बोलले नाही. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल, याचा विचार करा.

प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर चादर बांधली. पलीकडे सात माणसं बसली: पहारेकरी, झाडूवाली, कँटीनवाला, तीन विद्यार्थी आणि आई. सगळ्यांना अंगठ्या, घड्याळं काढायला लावली होती, कोपरापर्यंत हात धुवायला लावले होते. कुणीही तोंडातून शब्द काढायचा नाही, असं मॅडमनी बजावलं. सात काजांतून सात हात बाहेर आले आणि टेबलावर उताणे पडले. लाँड्रीत कुणीतरी माणसं विसरून गेल्यासारखं ते दिसत होतं.

बाबा पहिल्या हाताशी बसले. त्यांनी खडूला दोनदा धार काढली. त्यांनी तीन बोटं मोजली, वहीत लिहिलं, निळी फुली मारली, पांढरी मारली. मॅडम प्रत्येक फुली मोजून आकडा कागदावर टिपत होत्या, बाबांना दिसणार नाही असा. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. एक इंच जास्त. दुसरा हात, एक इंच जास्त. तिसऱ्याला एक इंच, चौथ्याला एक इंच. जाड हात असो की काडीसारखा, पेन्सिलीच्या रेघेएवढाही फरक नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.

पाचव्या हाताशी बाबा सरकले. टेप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. त्यांनी बोटं मोजली नाहीत. वहीही उघडली नाही. मनगट डाव्या हातात घेतलं, थोडं आपल्याकडे वळवलं आणि निळी फुली मारली. मग त्याच्याखाली पांढरी. मग तो हात त्यांनी लगेच सोडला नाही.

"गार पडलाय," ते चादरीला म्हणाले. "चहा घेतलास का?"

मॅडमनी कडक सूचना दिल्या होत्या.

"नाही," चादर म्हणाली.

"घ्यायचा ना."

"यांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

पहारेकरी खोकला. मॅडम वाकल्या आणि त्यांनी स्वतः आईंची तीन बोटं मोजली, मग घडीपासून निळ्या फुलीपर्यंत पट्टी लावली. एकदा लावली, दुसऱ्यांदा लावली. खरा बिंदू जिथे असायला हवा तिथेच फुली होती. टेप न लावता. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि कोरड्या आवाजात विचारलं, "मास्तर, इथे मार्जिन का नाही?"

बाबांनी खडू डब्यात ठेवला. "मार्जिन कशाला ठेवतात?" ते म्हणाले. "गिऱ्हाईक पुढच्या वर्षी कसं असेल ते आपल्याला माहीत नसतं. जाड होईल, बारीक होईल, येणारसुद्धा नाही. म्हणून ठेवायचं." त्यांनी चादरीकडे बघितलं. "हिला मी रोज बघतो."

पाचवा हात काजातून हळूच आत गेला, आणि मॅडमनी तसं करू नका म्हणून सांगितलं नाही. मी डोळ्यांत जेल गेल्याचं सांगून बाहेर आले. त्या दिवशी जेलचा डबा उघडलाही नव्हता.

सहावा आणि सातवा हात, एक इंच आणि एक इंच. मॅडमनी आठ महिन्यांचं काम जिथे चुंबक लागलं होतं तसं लिहून काढलं. चोवीस हात, चोवीस सरळ निकाल. पाहणीला आलेल्या माणसांना त्यांनी चादरही दाखवली. लेख छापायला पाठवला तेव्हा तिकडून तीनदा विचारणा झाली, की सतरा क्रमांकाच्या व्यक्तीबाबत बिंदू अचूक असण्याचं कारण काय. मॅडमनी तिन्ही वेळा एकच वाक्य लिहिलं: ठिपके काढणाऱ्याची पत्नी. चौथ्यांदा तिकडून कुणी विचारलं नाही. नवीन हातांवर ठिपके काढायला अजूनही बाबाच जातात. आता बोटं मॅडम मोजतात आणि त्यांना आकडा एक इंच कमी करून सांगतात, बाबांना ते माहीत आहे, आणि फुली बरोबर पडते. माझी कुणी माफी मागितली का, असं विचाराल तर मॅडमनी मागितली. एकदा मागून मी त्यांना सुटू दिलं नाही.

घरी आल्यावर आईंनी कपाटातून त्यांचे सगळे कोट काढले. किती होते ते मी मोजले नाहीत. त्या एकेकाची शिवण आतून बोटांनी चाचपत बसल्या. कापडाची कड शिवणीला टेकलेली, पलीकडे काही नाही. लग्नाच्या वर्षीचा कोट माझ्या धाकट्या नणंदेलासुद्धा झाला नसता. आईंनी तो मांडीवर घेतला आणि बराच वेळ घडीच घातली नाही.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "या थंडीत नवा शिवाल ना, त्याला थोडं ठेवा मार्जिन. माझा काही भरवसा नाही. या वयात बाई फुगते नाहीतर वाळते."

"ठेवतो," बाबा म्हणाले.

कोट झाला. काळ्या लोकरीचा, आमच्या खिडकीत बसून शिवलेला, कारण आमच्याही खिडकीत उजेड येतो हे बाबांना आता कुठे दिसलं होतं. आईंनी तो अंगात घातला, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि वरच्या बटणाला श्वास रोखला. मी मागे उभी होते. मार्जिन किती ठेवलंय ते कळायला मला शिवण उसवून बघावी लागली नाही. आईंनी बटण लावलं, श्वास रोखलेलाच होता, आणि तोंडानं कुरकुर मात्र करत नव्हत्या.